न घेतलेली परीक्षा

मयत: दिनकर भोईर, वय बावन्न, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम. कारण: मूत्रपिंडाचा जुना आजार. लिहून देणार: मी, यशवंत, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याची जागा उल्हासनगर कॅम्प चार. साक्षीदार: मयताच्या पत्नी सुमनवहिनी. तीन आठवड्यांपूर्वी बातमी त्यांनीच फोनवर दिली. "भावजी, हे गेले." सवयीने मी पेन उघडले... लिहून घेण्यासारखे काहीच नव्हते.

आजारामुळे दिनकर यांची अंबरनाथच्या कारखान्यातील नोकरी सुटली. त्याहून त्यांना बोचले ते हे की, घरात कोणी त्यांना पाण्याची कळशीही उचलू देईना. मग डॉक्टरांना विचारून ते घराजवळच्या कराटेच्या वर्गात जाऊ लागले. डायलिसिसची सुई लागे तो डावा हात बरगडीशी धरून, शाळकरी मुलांमागे, शेवटच्या रांगेत, कमरेला नवशिक्याचा पांढरा पट्टा. एके दिवशी सरांनी सर्वांदेखत त्यांना झापले, "काका, गुडघा वाकवा, आळस नको!" त्या दिवशी ते माझ्यासाठी बर्फी घेऊन आले. "वकील, आज मला कोणीतरी ओरडलं रे!" मी वकील नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते, परंतु त्या हाकेने मला बरे वाटे, हेही ठाऊक होते.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला हजेरी कमी पडली. डायलिसिसचे दिवस गैरहजेरीत धरू नयेत, एवढाच अर्ज त्यांना सरांना द्यायचा होता. मी माझ्या पद्धतीने मसुदा केला आणि वाचून दाखवला: "सदर अर्जदार असाध्य रोगाने जर्जर, असहाय व दयेस पात्र असून..."

"थांब," दिनकर म्हणाले. "ह्यात मी उभा कुठे आहे? सगळीकडे पडलेलोच दिसतोय. काढ ते."

"अरे, दया आल्याशिवाय सही होत नाही. हा माझा अनुभव आहे."

"मला परीक्षा पाहिजे. नापास झालो तरी चालेल."

"बरं, काढतो," मी म्हणालो. पक्की प्रत करताना मात्र ते शब्द तसेच ठेवले. ते डायलिसिसहून थकून आले होते. माझ्यावर विसंबून त्यांनी न वाचता सही केली.

अर्ज वाचून सरांचे डोळे भरून आले. त्यांनी परीक्षा न घेताच सर्वांसमोर दिनकर यांच्या कमरेला पिवळा पट्टा बांधला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"काय लिहिलं होतंस?"

मी पेनाचे टोपण लावू लागलो.

"उद्यापासून सर मला ओरडणार नाहीत, यशवंत."

त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेवढीच. पुढे ते वर्गात गेले नाहीत, माझ्याकडेही फारसे आले नाहीत. घरी मात्र रोज पहाटे पांढरा पट्टा बांधून सराव करीत, असे वहिनी सांगतात. अंत्यविधीच्या वेळी कोणीतरी पिवळा पट्टा त्यांच्या अंगावर ठेवू लागले. वहिनींनी हात धरला. "तो नको. त्यांनी तो स्वतःहून कधी बांधलाच नाही."

आता माझ्यासमोर लोक येतात, कागद घेतात, जातात... वकील म्हणणारे कोणी नाही.

तरी माननीय सरांस विनंती की, वर्गाच्या नोंदवहीत दिनकर भोईर यांच्या नावापुढील 'उत्तीर्ण' हा शब्द खोडून 'परीक्षा घेतली नाही' असे लिहावे. चूक अर्जदाराची नसून अर्ज लिहिणाऱ्याची आहे. उत्तर लेखी मिळावे, आणि त्यात हळहळीचा एकही शब्द नसावा.