बोटीच्या इंजिनाची जीप

सकाळी भावजयीचा, सुरेखाचा फोन आला तो मी चिडूनच उचलला. आदल्या संध्याकाळीच माझं आणि मनोहरचं वाजलं होतं. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासण्या सांगितलेल्या आणि हा माझा धाकटा भाऊ एका इंजिनापायी त्या पुढे ढकलत होता. “नेलंस का त्याला?” मी विचारलं. ती म्हणाली, “ताई, हे आता न्हाय राहिले.”

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बोलावं. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही.

भाईंदरजवळच्या मुर्धा गावात आमच्या बाबांची मासेमारीची बोट होती. बाबा गेले, बोट मोडीत निघाली, पण तिचं इंजिन मनोहरनं ताडपत्रीखाली जपून ठेवलं. पुढे आई विसरायला लागली. आम्हाला विसरली असती तर एक वेळ चाललं असतं, ती बाबांचं मरणच विसरली. संध्याकाळी ताट पुढे केलं की म्हणायची, “बोट लागू दे.” बाबा दर्यावर असले की त्यांची बोट ऐकल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नव्हता. ती वाळत चालली. मी मोबाईलवर बोटीचा आवाज ऐकवला, तर “ह्यो डब्यातला आवाज,” म्हणून तोंड फिरवलं. मग मनोहरनं ते इंजिन अंगणात ओंडक्यांवर ठेवून सुरू केलं. आईनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, “चालू हाय, पन येत न्हाय.”

तिथून माझ्या भावाचं डोकं फिरलं. दारात त्याची लाडकी जुनी जीप होती, इंजिन केव्हाच बसलेलं. तिच्यात बोटीचं इंजिन घालायचं, ती धक्क्यावर न्यायची आणि तिथून घरी आणायची, म्हणजे आवाज लांबून येईल. मी म्हटलं, “अरे, आईला डॉक्टरकडे ने.” तो म्हणाला, “नेली की. ते गोळ्या देतात. भूक कोन देतो?”

अंगणातल्या चिंचेला चेन-पुली बांधून त्यानं जीपचं इंजिन उपसून काढलं आणि बोटीचं आत सोडलं. ते गिअरबॉक्सला जुळेना, तेव्हा मध्ये घालायला लोखंडी प्लेट कापून आणली. नारळी पौर्णिमेला बोटीपुढे देतात तसा बंपरपुढे नारळ दिला आणि शहाण्यानं रेडिएटरमध्ये भरलं काय, तर खाडीचं पाणी! “ह्या इंजिनानं जन्मभर खारंच पानी प्यालंय ताय, गोडं त्याला बाधंल.” बोटीत समुद्राचं पाणी आत येतं आणि समुद्रातच परत जातं, रेडिएटरमधलं तिथल्या तिथे फिरतं, हे त्याला कोण सांगणार? पण जीप आली. आई म्हणाली, “आला.” बाबा कुठे आहेत असं तिनं विचारलं, तर मनोहरनं सांगितलं, “बाबा जाळी आवरतायत, तू जेव.” आणि ती जेवली.

थोड्याच दिवसांत मिठानं रेडिएटर तुंबला, इंजिन तापून अडकलं आणि आईचं ताट पुन्हा तसंच राहायला लागलं. इंजिन परत बाहेर. मी गेले तेव्हा हा एका हातानं साखळी ओढत होता आणि दुसरा हात छातीवर. “गॅस झालाय,” म्हणाला. गाडी तापली तर दहादा बॉनेट उघडून बघणारा माणूस, स्वतःकडे बघेल तर शपथ! शेवटी गोड्या पाण्यावर गाडी सुरू झाली आणि संध्याकाळी त्याचा फोन आला, “ताय, आय जेवली!” मी तपासण्यांचं विचारलं. “उद्या जातो,” म्हणाला. मी फोन आपटला.

आता भेटायला येणारे म्हणतात, आईसाठी जीव दिला हो पोरानं. कुणी मागितला होता? मेलेल्या नवऱ्याच्या बोटीचा आवाज ऐकवायला जिवंत मुलगा घालवला, हा कसला सौदा? आणि तिला ते कळतही नाही, म्हणून तिच्यावर ओरडताही येत नाही.

सुरेखाला जीप चालवता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी भाईंदर पूर्वेहून मुर्ध्याला जाते. जीप धक्क्यावर नेते, वळवते, आणि घरी येईपर्यंत त्या इंजिनाच्या आवाजात मनोहरला तोंडाला येईल ते बोलून घेते. आई ओट्यावर सरसावून बसलेली असते. “आला,” म्हणते आणि ताट ओढते. हल्ली बाबांचं विचारत नाही. माशाचा एक तुकडा बाजूला काढते आणि दाराकडे बघत राहते. लहानपणी मनोहर बाबांबरोबर बोटीवर जायचा आणि सगळ्यांत शेवटी उतरायचा.

“मन्या कुठं राह्यला?”

“इंजिन बंद करतोय गं. तू जेव,” मी सांगते, आणि जीपची चावी मुठीत घट्ट धरून तिच्यासमोर बसते.