रिकाम्या रस्त्यावरचा लाल सिग्नल

"आधी विचारून घेऊ," हे आमच्या शेजारच्या गृहस्थांचं ठरलेलं वाक्य. टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सिग्नल आहे. रस्ता अगदीच अरुंद, आणि रविवारी सकाळी तिथे चिटपाखरूही नसतं. पण पादचाऱ्यांचा दिवा लाल असला की ते जागच्या जागी उभे. मी पाऊल पुढे टाकलं की म्हणायचे, "अरे, लाल आहे." जणू मला दिसतच नव्हतं.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कचऱ्यात टाकायची बाटली धुऊन, झाकण आणि लेबल वेगळं करणारा. आणि शेजाऱ्याने झाकण तसंच ठेवलं असेल तर तेही काढणारा. जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीने त्यांना इथे पाठवलं. काम काय, तर ऑफिसातली माणसं नियम पाळतात की नाही ते बघणं! माणूस आणि नोकरी इतकी चपखल जुळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

त्यांची मुलगी सई सात-आठ वर्षांची होती. इथल्या शाळेत जायला लागली आणि सिग्नलवर बापाच्या आधी तीच ओरडायला लागली, "आका!" म्हणजे लाल. तिला आकडी यायची, आणि कुठल्याही गोळीला ती दाद देत नव्हती. आधी ते कंपनीच्याच कामाने अमेरिकेत होते. तिथल्या राज्याने गांजाच्या झाडाचं तेल औषध म्हणून मान्य केलं होतं. डॉक्टरांनी जिभेखाली थेंब सुरू केले आणि आकड्या जवळजवळ थांबल्या.

"पण राज्य म्हणायचं औषध, देश म्हणायचा गुन्हा," ते सांगत. "माझी झोप उडाली होती रे. जपानला बदली झाली तेव्हा हायसं वाटलं. म्हटलं, इथे एकच कायदा असेल."

निघण्याआधी त्यांनी अर्थातच विचारून घेतलं होतं. उत्तर आलं, तेल जपानमध्ये दुकानात मिळतं. मिळत होतंच; खोडाचं आणि बियांचं. सईचं औषध फुलांचं होतं, आणि फुलांना तुरुंग होता. बाटली मागेच राहिली आणि आकड्या परतल्या. एकाच झाडाचे असे तुकडे करणाऱ्याला मला एकदा भेटायचं आहे.

मी वनस्पतिशास्त्रातला, जपानी बऱ्यापैकी येतं, म्हणून मी दुभाषा झालो. केंद्राच्या कचेरीतल्या बाईंनी कमरेत वाकून सांगितलं, या झाडाचे परवाने प्रीफेक्चरचा गव्हर्नर देतो, तिकडे विचारा. प्रीफेक्चर म्हणजे आपल्याकडचं राज्य म्हणा. एका प्रीफेक्चरमध्ये देवळांच्या दोरांसाठी हे पीक रीतसर परवान्याने घेतात असं कळलं. सईला घेऊन आम्ही तिथे गेलो. तिथले साहेब बाईंपेक्षाही खाली वाकले. म्हणाले, लागवडीचा परवाना आम्ही देतो, संशोधनाचाही देतो. पण रोग्याला द्यायची बंदी देशाची, ती आमच्या हातात नाही.

"मग संशोधनाच्या परवान्यावरच हिला..." मी सुरुवात केली. सईच्या बाबांनी माझा हात दाबला. "नको. त्या बिचाऱ्यांना अडचणीत आणू नकोस."

परतताना वाटेत देऊळ लागलं. सईने हौसेने घंटेचा जाड दोर ओढला, आणि दोर हातात असतानाच ती कोसळली. ते खाली बसले, तिला कुशीवर वळवलं, स्वतःचा कोट तिच्या डोक्याखाली सारला. मी वर त्या दोराकडे बघत राहिलो. त्याच झाडाचा वाख. माझ्या तोंडून देवळात शिवी गेली. ते मान वर न करता म्हणाले, "दोराला चालतं."

ट्रेनमध्ये मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात मी अमेरिकेला कॉन्फरन्सला जातोय. एक बाटली आणतो. कोण बघतंय?"

"आणि पकडलं तर? तुझं करिअर जाईल. मी आत गेलो तर हिला कुशीवर कोण वळवणार?"

मला राग आला होता. कायद्यांवर होता, आणि खरं सांगतो, त्यांच्यावरही होता.

शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच अमेरिकन राज्यात दुसरी धरली. जाताना म्हणाले, "नाही असं कुणीच म्हणालं नाही रे. सगळे फक्त दुसऱ्याचं दार दाखवत राहिले."

कित्येक वर्षांनी इथला कायदा बदलला. या झाडापासून केलेल्या औषधाला वाट मोकळी झाली. मी लगेच फोन लावला. माझी सकाळ, त्यांची दुपार. ते सईला शाळेतून घेऊन चालत घरी निघाले होते.

"आता या परत!" मी म्हणालो.

"विचारून घेतलं मी," ते म्हणाले. म्हणजे बातमी माझ्याआधी त्यांना! "तिच्या बाटलीत जे आहे ते तिथल्या नव्या नियमातही बसत नाही. आणि बाटली घेऊन निघू कसा? घर राज्यात आहे, पण विमानतळावर देशाचा कायदा. माझ्या आईला भेटायला ठाण्यालाही नेता येत नाही हिला." मग म्हणाले, "रोज सकाळी हिच्या जिभेखाली थेंब सोडतो, म्हणजे देशाचा कायदा मोडतो. आणि तसाच ऑफिसात जाऊन बाकीच्यांना नियम शिकवतो."

तेवढ्यात पलीकडून सईचा आवाज आला, मोठा आणि खणखणीत. "बाबा, आका!"

पावलांचा आवाज थांबला. "थांब हं," ते म्हणाले, "सिग्नल आहे."

कान देऊन ऐकलं, तिकडे एकही गाडी जात नव्हती. मीही फोन कानाला लावून थांबलो.