टिबुकल्यांची धावपट्टी

"देशपांडे, व्हॉल्व खोलो, लेक खाली करो, खलास!" प्रोजेक्ट मॅनेजर खन्नासाहेबांनी माझ्या टेबलावर हात आपटला.

"नहीं खोलूँगा, सर."

२००९ चा मार्च. दुबई सिलिकॉन ओएसिसच्या पुढे, वाळवंटात आमची व्हिलांची साइट मंदीने बंद पडली होती. व्हिला एकही उभा नाही, पण ब्रोशरमधलं तळं मात्र तयार! शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं गोडं तळं, आणि त्याचा वॉटर इंजिनिअर मी. ऊन पाणी पिऊन टाकायचं, आम्ही पंपाने पुन्हा भरायचो. आता हेड ऑफिसला पंप बंद आणि तळं रिकामं हवं होतं.

पण तळ्यावर पाहुण्या उतरल्या होत्या. काळ्या मानेच्या, लालबुंद डोळ्यांच्या टिबुकल्या, आपल्याकडच्या टिबुकलीच्या चुलतबहिणी. हिवाळा उरकून उत्तरेला निघालेल्या. रोज सकाळी मी दुर्बिणीतून त्यांच्या बुड्या बघायचो. यांचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला. जमिनीवर धड चालता येत नाही. उडायचं तर पाण्यावरून लांबवर धावावं लागतं.

"बाबा, इट्स देअर रनवे!" माझी लेक म्हणाली होती. पाणी सोडलं की त्या चिखलात रुतणार, आणि काठावर कोल्हे टपलेलेच.

"चिड़िया के लिए? टर्मिनेट कर दूँगा!" हे ऐकून साहेब कडाडले.

"जरूर, सर. फिर परमिट पे साइन कौन करेगा?"

व्हॉल्वला हात लावायचा तर वॉटर इंजिनिअरच्या सहीचं वर्क परमिट लागे. काम सांगणाऱ्याने स्वतः सही करायची नाही. दोन्ही नियम खुद्द साहेबांचे! सहीचे अधिकार तिघांना होते. त्यातल्या दोघांना साहेबांनीच नुकतं घरी पाठवलं होतं.

"नया आदमी लाऊँगा!"

"हायरिंग फ्रीज है, सर."

घरी बायकोने मुकाट्याने माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. "त्या उडाल्या की आपणही उडू," एवढंच म्हणाली.

त्यानंतर साहेब रोज साइटवर हजर. "उड़ गए?"

"इन्शाल्ला, सर."

एका संध्याकाळी वारा फिरला. टिबुकल्या पाणी तुडवत सुटल्या, फटफट, फटफट! काठावर साहेब टाय फिरवत ओरडत होते, "यल्ला, हबीबी, यल्ला!" शेवटची उचलली गेली तेव्हा टाळी त्यांनीच वाजवली.

दुसऱ्या सकाळी मी परमिटवर झोकात सही केली. दुपारी माझं टर्मिनेशन लेटर आलं. त्यावरची सही साहेबांची, तीही झोकातच.

तेव्हा मॅनेजर लोकहो, मंदीत माणसं काढायचीच असतील, तर सहीवाल्याला शेवटी काढा. आणि सहीवाल्यांनो, पेन उघडण्याआधी तळ्यावर एक चक्कर मारून या.