देर्लिसची तोंडी परीक्षा

सान लोरेन्सोला, विद्यापीठामागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. वरच्या खोल्या मी शिकणाऱ्या पोरांना देते. कोपऱ्यातल्या खोलीत देर्लिस राहायचा, कासापाकडच्या खेड्यातला, कायम मान खाली. बोलताना अडखळायचा. म्हणजे स्पॅनिश बोलताना. माझ्याशी आमच्या ग्वारानीत बोलायचा तेव्हा गाडी कशी सुरळीत चालायची.

त्या वर्षी त्याला सॉफ्टवेअर डिझाइनचा विषय होता. प्रोजेक्ट टीमने करायचं. टीममधल्या एकाने सुरुवातीलाच काढता पाय घेतला, उरले देर्लिस आणि निमिया. निमियाच्या तोंडाला लगाम नाही, पण पोरगी जीव लावणारी. देर्लिस अडला की त्याचं वाक्य ती पुरं करायची. कधीकधी भलतंच पुरं करायची, तरी हा आपला मान डोलवायचा. मला संताप यायचा, पण प्रेमाने वागणाऱ्यावर ओरडायचं तरी कसं?

दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्राम ते माझ्या अंगणात, आंब्याखाली बसून करत. मी बर्फाच्या पाण्याचं तेरेरे, म्हणजे आमचा थंडगार पाल्याचा चहा, भरून त्यांच्यात पेला फिरवत राहायची. प्रोग्राम झाला झकास. पण तो दोघांनी आपापल्या तोंडाने समजावून सांगायचा होता. त्यात निभावलं तरच फायनलला बसता येणार. देर्लिसच्या बापाने आधीच बजावलं होतं, यंदा विषय राहिला तर सरळ घरी ये, गुरं वाट बघतायत.

निमियाने त्याला छान स्पॅनिशमध्ये भाषण लिहून दिलं. "हे घोकून टाक. बाकी मी बघते."

परीक्षेत ग्वारानी बोलायची नसते, हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून ठोकून बसवलेलं. त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सादरीकरणाला घरचे बसू शकतात. मी थर्मास घेऊन मागच्या बाकावर बसले. परीक्षा घ्यायला त्यांचा विषय शिकवणाऱ्या बेनितेसबाई. त्यांचा दरारा मोठा. निमियाचं ऐकून झाल्यावर त्या देर्लिसकडे वळल्या. "नंबर देणारा भाग रुग्णाची नोंद स्वतः का उघडत नाही?"

"का... का..."

"कारण—" निमिया म्हणाली.

"तू नाही. तो."

हा प्रश्न घोकलेल्या भाषणात नव्हता. पोराचे कान लालबुंद झाले. मला बघवेना. मी मागून ग्वारानीत ओरडले, "अरे, परवा मला सांगितलंस तसंच सांग की!"

सगळे हसले. आता मला हाकलतात, असं वाटलं. पण बाई ग्वारानीतच म्हणाल्या, "सांग पोरा. मला बी ऐकू दे."

देर्लिस माझ्याकडे बघून बोलायला लागला. "काकू, तुमच्या खानावळीत गिऱ्हाईक थेट चुलीपाशी घुसतं व्हय? खिडकीवर मागतं, तुम्ही आतनं देता. उद्या तुम्ही चूल बदलली तरी त्याला काय त्याचं? नोंद म्हंजे आमची चूल. नंबर देणाऱ्यानं खिडकीवरच मागायचं." मग खडू घेऊन त्याने सगळा फळा भरून टाकला. निमिया आ वासून बघत होती.

"फायनलला बस," बाई म्हणाल्या. "पण तिथे आम्ही तिघं परीक्षक असतो आणि एका सरांना ग्वारानी येत नाही. स्पॅनिशच बोलावं लागेल. वेळ लागला तर लागू दे, मी कुणाला मध्ये बोलू देणार नाही."

मग अंगणात फायनलची तयारी सुरू झाली. निमिया प्रश्न विचारायची आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरायची. बिचारीचा जीव घुसमटायचा. मला म्हणाली, "काकू, त्याचं उत्तर मी सांगणार होते त्याहून वेगळंच असतं हो! इतके महिने मी त्याच्या तोंडात काय काय घातलं असेल!"

"आता थांबतेस ना? मग झालं तर," मी म्हटलं.

फायनलच्या दिवशी तो आत गेला आणि बाहेर येईना. त्याच्यानंतरची पोरं चुळबुळायला लागली. मी मनातल्या मनात त्याची बॅग भरून त्याला कासापाच्या बसमध्ये बसवूनही आले.

शेवटी दार उघडलं. शर्ट घामाने भिजलेला, चेहऱ्यावरून काही कळेना. निमिया धावली. "काय झालं?"

"पा... पा..."

शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता, मला दिसत होता. तिने ओठ चावला आणि माझा हात गच्च धरला. आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो.

"पा... पास झालो," देर्लिस म्हणाला. "आणि सग... सगळं मी बोललो."