मिशरीला तंबाखू कोण म्हणतं?

दुपारचं जेवून तानूबाई चटईवर आडव्या होतात. डोळा लागतो न लागतो, तोवर जीव पुन्हा दवाखान्यात जाऊन बसतो. सकाळी डॉक्टर आठ्या घालून म्हणाले होते, "मावशी, किडनीचा तुकडा तपासला. जुन्या शुगरच्या पेशंटची वाटावी अशी किडनी, आणि रक्तात साखर तर वाढलेली नाही! असं बहुतेक विडी-सिगारेटवाल्यांत, बीपीवाल्यांत दिसतं. तंबाखूची सवय?"

"अगंबाई, छे!" तानूबाईंनी कानांना हात लावले होते. त्यांच्या मते त्यात खोटं काहीच नव्हतं. तव्यावर काळीभोर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची, ती मिशरी. तंबाखू खातात ती गडीमाणसं! तरीही तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे.

पंख्याची घरघर मंदावते. समोर चूल आहे, चुलीवर तवा, तव्यावर तंबाखूची पानं करपताहेत, आणि पुढ्यात गोदाक्का बसली आहे. थोरली बहीण. किडन्या निकामी होऊन ती मागेच वारली, हे तानूबाईंना स्वप्नातही पक्कं ठाऊक आहे.

"ये तानू, ताजी हाय." आक्का तवा पुढे करते.

"नगं. आक्का, तुला साखर हुती का गं?"

"कुठली! च्यासुदीक अगोड प्यायची मी."

"मग डाक्तरनं तंबाखूचं इचारलं हुतं?"

"इचारलं की. मी न्हाई म्हनाले. आपन काय तंबाखू खातो व्हय?"

आक्का हसते. हिरड्या काळ्याकुट्ट. धूर दाटतो, आणि आता चूल नाही. ओळीनं खाटा आहेत, खाटांशेजारी रक्त धुणारी यंत्रं, आणि प्रत्येक खाटेवर आक्काच निजली आहे. एक खाट तेवढी रिकामी. तिच्यावर तानूबाईंची स्वतःची गोधडी अंथरलेली. त्या जवळच्या खाटेवरच्या आक्काला विचारतात.

"त्येनंच झालं का गं तुला?"

"मला काय ठावं? आन् डाक्तरला तरी कसं ठावं व्हनार? मी सांगितलंच न्हाई." आक्का खाली वाकते आणि तानूबाईंची नडगी अंगठ्यानं दाबते. लहानपणी काटा काढताना दाबायची तशी, जोर लावून. "माझं गेलं ते गेलं. तू कशाला माझ्यामागं येतीस? हो माघारी!"

तानूबाई किंचाळून उठतात. उंबऱ्यात ऊन तसंच आहे. लेक सुरेखा आतून धावत येते. "आई, काय झालं गं?"

तानूबाई लुगडं वर सारतात. सुजलेल्या नडगीवर अंगठ्याएवढा खळगा पडला आहे. दोघी बघत राहतात, पण तो काही भरून येत नाही.

"सुरे, डाक्तरला फोन लाव," तानूबाई म्हणतात. "म्हनावं, आई मिशरी लावती. आन् आक्काबी लावत हुती, त्येबी सांग."