इस्त्रीला घेण्याजोगी ओल

माझी आत्या चाळीस वर्षं कपड्यांना इस्त्री करते. कापडाला हात लावला की ते किती ओलं आहे हे तिला कळतं. आणि काहीही अर्धवट भरलेलं दिसलं की तिचा जीव खालीवर होतो. मग ती बाटली असो, नाहीतर माझं ताट.

या सवयीनेच घात केला. तिच्या एका गिऱ्हाइकाचं मासे आणि फिशटँकचं दुकान आहे. त्याने तिला छोटा टँक आणि एक पिवळी गोगलगाय भेट दिली. तो टँक आत्याच्या इस्त्रीच्या दुकानात काउंटरवर. एका सकाळी पाण्याच्या वर, कोरड्या काचेवर गुलाबी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला. इस्त्रीच्या धगीने पाणी आटलं आणि बिचारी अंडी उघडी पडली, असं आत्याला वाटलं. तिने टँक काठोकाठ भरला. मीही मान डोलावली, म्हणजे मीही तेवढीच शहाणी.

आठवड्यात घोस पांढरा पडून विरघळला.

"बुडाली हो," टँकवाला म्हणाला. "ही गोगलगाय अंडी मुद्दाम पाण्याबाहेरच घालते. आतल्या पिल्लांना हवा लागते."

संध्याकाळी आत्या एवढंच म्हणाली, "माझ्या हातांनी मारली गं."

पुढे गोगलगायीने झाकणाखाली दुसरा घोस घातला आणि चार दिवसांत मेली. आता जे काही होतं, ते तेवढंच.

"पाण्यात नको, पण सुकायलाही नको," टँकवाल्याने बजावलं. "दमट हवं."

"इस्त्रीला घेण्याजोगी ओल?"

त्याला काही कळेना. आत्याला सगळं कळलं होतं. तिने घोस अलगद सोडवला, डबीत ओलसर मलमलीच्या घडीवर ठेवला आणि डबी टँकमध्ये तरंगत सोडली. रोज ती बोटाच्या मागच्या बाजूने कापड तपासायची, कमी वाटलं तर दोन थेंब शिंपडायची. डबीकडे कुणी हात नेला की अंगावर धावून जायची. मी घरची, पण मलाही सूट नव्हती.

विसाव्या दिवशी घोस राखाडी, भुसभुशीत झाला.

"गेला वाटतं," मी म्हणाले.

"तोंड आवर." पण तिने कापड दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "ये." मी चपला उलट्यासुलट्या घालून पळाले. राखाडी भुग्यातून टाचणीच्या डोक्याएवढ्या गोगलगायी बाहेर येत होत्या. प्रत्येकीला शंख, प्रत्येकीला शिंगं, सगळं जिथल्या तिथे. आत्याने एकेकीला ओल्या बोटावर घेऊन पाण्यात सोडलं. मी आनंदाने तिला मिठीच मारली. मला ही बाई फार आवडते, आणि त्या दिवशी तर जास्तच.

शेवटची सोडून झाल्यावर ती काचेला नाक लावून, बोटाने पिल्लं मोजत बसली.

"पहिल्या घोसातलीही अशीच झाली असती ना गं?"

एरवी मी तिला बरं वाटेल ते बोलते.

"हो, आत्या," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि काचेवरून बोट न उचलता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.