वरच्या मजल्यावरचं विमान

दिलसुखनगरच्या आमच्या इमारतीत प्लास्टिकची छोटी विमानं जोडणारे दोघंच होतो. खाली मी, वरच्या मजल्यावर बँकेत नोकरी करणारा माझ्याच वयाचा एक शेजारी, मूळचा परभणीकडचा. त्याची आई आणि माझी पत्नी यांच्यात स्टीलचा एक डबा फिरत असे. धपाटे खाली येत, खोबऱ्याच्या वड्या वर जात. डबा रिकामा परत करायची रीत दोन्ही घरांत नव्हती.

माझी विमानं बैठकीतल्या कपाटात होती. पत्नी कपाटाची धूळ पुसायची, विमानांकडे पाहायची नाही. एका संध्याकाळी ती डबा घेऊन वर गेली आणि बऱ्याच वेळाने परतली.

"अहो, त्यांचं विमान पाहिलंत? एकेक पत्रा वेगळा दिसतो. आत्ताच उडून आल्यासारखं."

मी तिच्याबरोबर पाहायला गेलो. तिचं वर्णन अचूक होतं. मला ते आवडलं नाही.

पंखांवर पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक खाचा असतात. मी त्या टोकदार पेन्सिलीने गिरवत असे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर रेघा मारून हाताला दाब देण्याची सवय होती. त्याने पातळ केलेल्या काळपट रंगात ब्रश बुडवला आणि टोक खाचेला नुसतं टेकवलं. रंग आपोआप पळाला, कोपऱ्यावर वळला, पुढच्या सांध्यात शिरला.

"ओढू नका साहेब," तो म्हणाला. "टेकवा अन् सोडून द्या."

"बघा, किती सोपं," पत्नी म्हणाली.

घरी मी तेच केलं. रंग पळाला नाही, पसरला. पंखावर चहा सांडल्यासारखा डाग पडला. का, हे विचारायला मी वर गेलो नाही. उत्तर डब्याबरोबर खाली आलं.

"तुमचा रंग खरखरीत आहे, तो शोषून घेतो म्हणाले. आधी चकचकीत वार्निश मारा, वाळू द्या."

"तू विचारलंस?"

"त्यांनीच विचारलं, साहेबांचं कुठवर आलं. मी सांगितलं, डाग पडला."

बातमी वर पोहोचली होती.

मी नवं विमान घेतलं. वार्निश मारलं, वाळू दिलं, ब्रश टेकवला. रेघ पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत धावत गेली. तेवढा वेळ मला शेजारी आठवला नाही. थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने जादा रंग पुसला. सांध्यांत केसाएवढी रेघ उरली. मी पत्नीला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली.

"छान. अगदी त्यांच्यासारखं."

त्याच वेळी तो दारात आला. आईचे गुडघे दुखत होते म्हणून डबा त्याने आणला होता. तो माझ्या हातात देऊन त्याने विमान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं.

"वहिनी, हे माझ्याहून बारीक उतरलंय. मला अशी रेघ जमत नाही."

तो खरं बोलत होता. त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती.

पत्नीने चष्मा आणला आणि विमानावर वाकली.

"हो का? कुठं? दाखवा बरं," ती त्याला म्हणाली.

कापसाच्या काडीच्या टोकाने त्याने माझी एकेक रेघ तिला दाखवली. मी डबा धरून उभा होतो. तो अजून गरम होता.